मेंदूत अमायलॉइड सापडलं म्हणजे अल्झायमर झाला का?

गेल्या महिन्यात एका सकाळी शेजारचे काका आमच्या दारात येऊन उभे राहिले. हातात वर्तमानपत्र, त्यात अर्धंच सोडवलेलं शब्दकोडं, आणि चेहरा पार उतरलेला. त्यांची धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. वय ७२, तब्येत खणखणीत, दर रविवारी तिथल्या मराठी मुलांना बाराखडी शिकवते. एका संशोधनात तिने हौसेने नाव दिलं होतं. त्यात तिच्या मेंदूचा एक खास स्कॅन झाला आणि तिला सांगण्यात आलं की स्मरणशक्तीच्या चाचण्या उत्तम आहेत, पण मेंदूत अमायलॉइड, म्हणजे एका प्रथिनाचे चिकट तुकडे, वाढलेलं दिसतंय.

"म्हणजे तिला झालाय की नाही झालाय, ते सांग मला," काका म्हणाले. "आणि आम्ही एकाच आईची लेकरं. तिला आहे तर मलाही असणार. परवा कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेच लक्षात राहिलं नाही, वरण लागलं खाली. सुरुवात अशीच होते ना गं?"

मी ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मी डॉक्टर नाही. पण काकांचा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जातोय. अल्झायमरच्या नव्या औषधांच्या बातम्या येतात, रक्ताच्या एका थेंबावरून वीस वर्षं आधी कळेल असे निरोप मोबाइलवर फिरतात, आणि साठी ओलांडलेलं माणूस चष्मा कुठे ठेवला ते आठवत नसलं तरी धसका घेतं. काकांना दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. कचराळी तलावाभोवती फेऱ्या मारत आम्ही चार सकाळी यावरच बोलत होतो. पुढे लिहिलंय ते बरंचसं त्या बोलण्यातलं.

आधी तीन शब्द वेगळे करू

विसरणं, स्मृतिभ्रंश आणि अल्झायमर हे तीन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, आणि बरीचशी भीती त्या घोळातून येते.

वयाबरोबर नावं पटकन न आठवणं, खोलीत कशासाठी आलो ते क्षणभर विसरणं, हे बहुतेकांच्या वाट्याला येतं. स्मृतिभ्रंश ही त्यापुढची अवस्था. स्मरण, विचार, भाषा किंवा दिशेचं भान इतकं ढासळतं की रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः जमेनासे होतात. पैसे मोजता येत नाहीत, रोजच्या रस्त्यावर वाट चुकते. अल्झायमर हा या अवस्थेकडे नेणारा एक आजार आहे. तो सगळ्यांत जास्त आढळतो, पण एकमेव नाही. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यानेही स्मृतिभ्रंश होतो.

आपल्याकडे "साठी बुद्धी नाठी" म्हणून हा विषय फार वर्षं झटकून टाकला गेला. घरातल्या आजीला काही आठवेना, ती संशय घेऊ लागली, तरी वयच झालंय म्हणून कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. आता उलट टोक आलंय, साध्या विसरण्यालाही आजाराचं नाव मिळतं. दोन्हींत नुकसान म्हाताऱ्या माणसाचंच होतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या शंभरांतल्या सुमारे ७.४ जणांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. हा आकडा मोठा आहेच. पण त्याचा अर्थ असाही की साठीपुढच्या दर शंभरांतल्या नव्वदांहून अधिक जणांना तो नाही.

हा चिकट तुकडा येतो कुठून?

मेंदूतल्या पेशींच्या पातळ आवरणात एक लांब प्रथिन खोवलेलं असतं. शरीरातली विकरं, म्हणजे कात्रीसारखं काम करणारी द्रव्यं, त्याचे तुकडे करत असतात. त्यातल्या एका छोट्या तुकड्याचं नाव बीटा अमायलॉइड. तो तुमच्या, माझ्या, विशीतल्या पोरांच्या मेंदूतही रोज तयार होतो आणि रोज वाहून नेला जातो. तयार होणं आणि साफ होणं यांचा मेळ बसतोय तोवर कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

वय वाढतं तशी साफसफाई मंदावते. काही तुकडे मागे राहतात, आणि या तुकड्यांचा स्वभाव चिकट. विशेषतः प्रथिनाच्या साखळीतल्या ४२ दुव्यांचा जो जरा लांब तुकडा असतो तो. घरात ज्यांनी उपासाला साबुदाणा भिजवलाय त्यांना हे लगेच कळेल. पाणी बेताचं असेल तर दाणा दाणा मोकळा राहतो. पाण्याचा अंदाज चुकला की दोन दाणे चिकटतात, त्यांना आणखी चार, आणि सकाळी झाकण काढावं तर सगळा गोळा. अमायलॉइडचंही तसंच. सुटा तुकडा निरुपद्रवी, एकमेकांना चिकटले की पेशींच्या मधल्या जागेत घट्ट थर. या थराला आपण पुढे गाठ म्हणू. कर्करोगाच्या गाठीशी तिचा काही संबंध नाही.

अमायलॉइड या नावामागे एक गैरसमज आहे. १८५४ साली रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरांनी शरीरातल्या अशा साचलेल्या पदार्थावर आयोडीन टाकलं, तर त्याचा रंग बदलला. पिठावर आयोडीन टाकल्यावर बदलतो तसा. म्हणून त्यांनी लॅटिनमधल्या स्टार्चच्या शब्दावरून 'स्टार्चसारखा' अशा अर्थाचं नाव दिलं. पदार्थ प्रथिन निघाला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

मेंदूतल्या या गाठींची गोष्ट १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात सुरू होते. ५१ वर्षांची एक बाई तिथे दाखल झाली. स्वतःचं नाव लिहायला घेतलं तर अर्ध्यावर थांबायची. आलोइस अल्झायमर या डॉक्टरांनी तिच्या नोंदी ठेवल्या, आणि १९०६ मध्ये ती गेल्यावर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांना दोन गोष्टी दिसल्या, पेशींच्या बाहेर गाठी आणि पेशींच्या आत दोऱ्यांचा गुंता. बाहेरच्या गाठी अमायलॉइडच्या. आतला गुंता टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा. ही जोडगोळी लक्षात ठेवा, टाऊ पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

जिवंत माणसात ते दिसू लागलं, आणि कोडं वाढलं

अल्झायमरांनंतर जवळजवळ शंभर वर्षं मेंदूतलं अमायलॉइड बघायचा एकच मार्ग होता, माणूस गेल्यानंतरचं विच्छेदन. म्हणजे बहुतेकदा ज्यांना आजार झाला त्यांच्यातच शोधलं जायचं. ज्यांना झाला नाही त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते बघणार कोण?

२००४ साली पिट्सबर्ग आणि स्वीडनमधल्या उप्साला इथल्या शास्त्रज्ञांनी एक नवा मार्ग प्रसिद्ध केला. अमायलॉइडलाच जाऊन चिकटेल असं एक द्रव्य बनवायचं, त्याला किंचित किरणोत्सारी खूण लावायची, शिरेतून टोचायचं आणि पेट स्कॅनवर, म्हणजे अशी खूण बाहेरून टिपणाऱ्या यंत्रावर, बघायचं. जिथे गाठी असतील तिथे चित्र उजळतं. पहिल्या द्रव्यातली खूण दर वीस मिनिटांनी निम्मी व्हायची, त्यामुळे ते जिथे तयार करतात त्याच आवारात वापरावं लागे. पुढे ११० मिनिटांनी निम्मी होणारी खूण आली. काकांना म्हटलं, मुंबईतून निघालेली कुपी घोडबंदर रोडच्या कोंडीत दोन तास अडकली तर पोचेपर्यंत निम्म्याहून कमी उरेल. हा स्कॅन महाग आणि दुर्मीळ का आहे, हे त्यांना तेवढ्यावर समजलं.

यानंतर जे दिसलं त्याने शास्त्रज्ञही चक्रावले. स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्या माणसांच्या मेंदूतही अमायलॉइड निघालं, आणि एखाद्-दुसऱ्याच्या नव्हे. अनेक देशांतल्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २०१५ मध्ये काढलेला अंदाज असा, की बुद्धी शाबूत असलेल्या लोकांत पन्नाशीला सुमारे १० टक्के जणांच्या मेंदूत ते वाढलेलं असतं, आणि नव्वदीला सुमारे ४४ टक्के जणांच्या. अमेरिकेतल्या 'ए फोर' नावाच्या मोठ्या अभ्यासासाठी ६५ ते ८५ वयाच्या ४,४८६ निरोगी लोकांचे स्कॅन झाले. त्यांतल्या १,३२३ जणांमध्ये अमायलॉइड वाढलेलं होतं. जवळपास तिघांत एक. काकांची बहीण अशा गर्दीतली एक आहे, ती काही अपवाद नाही.

नाल्यातला गाळ

हे समजून घ्यायला ठाणेकरांना दूर जायची गरज नाही. उन्हाळ्यात नाल्यात गाळ साचत असतो. पुलावरून रोज जाणाऱ्याला पाणी बारीक का होईना वाहताना दिसतं, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. जुलैत मुसळधार पाऊस लागतो, त्याच वेळी खाडीला भरती येते, आणि अर्ध्या तासात रस्त्यावर गुडघाभर पाणी. लोक म्हणतात आज अचानक तुंबलं. तुंबणं अचानक असेल, गाळ अचानक आलेला नसतो.

अमायलॉइड हा तो गाळ. ऑस्ट्रेलियात लोकांचे पुन्हा पुन्हा स्कॅन करून केलेल्या अभ्यासात दिसलं की मेंदूत ते वाढल्याचं पहिल्यांदा दिसण्यापासून अल्झायमरच्या रुग्णांत असतं त्या पातळीपर्यंत पोचायला साधारण दोन दशकं जातात. इतक्या संथपणे. म्हणून सत्तरीतल्या निरोगी माणसात ते सापडणं म्हणजे गाळ आहे एवढीच नोंद. पाणी तुंबायला आणखी काही लागतं.

ते आणखी काही म्हणजे मुख्यतः टाऊ. अमायलॉइड साचत गेलं की पेशींच्या आतला टाऊचा गुंता स्मरणाच्या भागातून बाहेर पसरायला लागतो, आणि पेशी मरायला लागतात त्या त्याच्या मागोमाग. माणसाला प्रत्यक्ष किती विसरायला होतंय याचं माप अमायलॉइडपेक्षा टाऊशी कितीतरी जास्त जुळतं. अमायलॉइडही आहे आणि टाऊही मेंदूच्या पृष्ठभागावर पसरलाय, अशा निरोगी दिसणाऱ्या लोकांत पुढच्या काही वर्षांत घसरण झपाट्याने होते. नुसतं अमायलॉइड असलेल्यांत ती संथ असते, किंवा कित्येक वर्षं दिसतच नाही. यात रक्तदाबाने झिजलेल्या रक्तवाहिन्या, मधुमेह, छोटे पक्षाघात हे सगळं भर घालत असतं. गाळ, पाऊस आणि भरती एकत्र आल्यावर काय होतं, ते आपण बघितलेलं आहे.

मग बुद्धीवर परिणाम होतो की नाही?

होतो. इथे मला मुद्दाम थांबायचंय, कारण बातम्यांत हाच भाग सगळ्यांत वाईट मांडला जातो.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बुद्धी शाबूत असलेल्या ४४५ जणांचा पाठपुरावा केला गेला. सरासरी वय ७४. त्यांतल्या २०२ जणांच्या मेंदूत अमायलॉइड वाढलेलं होतं, २४३ जणांच्या नव्हतं. चार वर्षांनी दोन्ही गटांच्या चाचण्यांची तुलना केली, तर अमायलॉइडवाल्या गटाची घसरण जास्त निघाली. फरक खरा होता, योगायोगाने येईल असा नव्हता. बातमी इथे संपते: "अमायलॉइडमुळे बुद्धी घसरते."

आता तो फरक बघा. बुद्धीची जी तीस गुणांची चाचणी जगभर वापरतात, तिच्यात दोन गटांच्या सरासरीतला फरक ०.५६ गुणांचा होता. तीसपैकी अर्ध्या गुणाहून जरासा जास्त.

मी शिक्षिका आहे, म्हणून मला हे वर्गातून दिसतं. समजा बारावीच्या 'अ' आणि 'ब' तुकडीच्या सरासरीत अर्ध्या गुणाचा फरक आहे. दर परीक्षेत तो तसाच राहिला तर 'ब' तुकडीत काहीतरी कमी पडतंय हे नक्की, आणि मुख्याध्यापकांनी त्यात लक्ष घालायला हवं. पण 'ब' तुकडीतली एखादी मुलगी पुढच्या बाकावर बसलीय, ती पास होणार की नापास, हे त्या अर्ध्या गुणावरून सांगता येईल का? तिच्याच तुकडीत पहिली आलेली मुलगीही असते. संशोधन बोलतं ते तुकडीबद्दल. काका विचारत होते बहिणीबद्दल.

आणखी एक बारकावा आहे, तो मला फार बोलका वाटतो. तीच चाचणी माणसाला दरवर्षी दिली तर सवयीने गुण थोडे वाढतात, निदान टिकतात. निरोगी पण अमायलॉइडवाल्या बऱ्याच लोकांत सुरुवातीला गुण घसरत नाहीत. सवयीने जी थोडी वाढ व्हायला हवी ती होत नाही, एवढंच. घरच्यांना यातलं काहीच दिसणार नाही. वरण लागणं वगैरे तर यात कुठेच बसत नाही.

मग एकूण धोका किती? २०१८ मध्ये अमेरिकेतल्या आकडेवारीवरून एक हिशेब मांडला गेला. ६५ वर्षांच्या, फक्त अमायलॉइड असलेल्या आणि बाकी काही बिघाड नसलेल्या बाईला आयुष्यभरात अल्झायमरचा स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता शंभरात सुमारे २९. तेच अमायलॉइड नव्वदीच्या बाईत सापडलं तर शंभरात सुमारे ८. वय जास्त असून धोका कमी कसा? कारण आजार संथ आहे आणि नव्वदीनंतर त्याला पुरेशी वर्षं मिळत नाहीत. २९ हा आकडा लहान नाही, आणि तो लहान आहे असं मी काकांना सांगितलंही नाही. पण त्याच हिशेबातली ७१ माणसं कुणी मोजून दाखवत नाही.

हे सगळे अभ्यास बहुतांशी गोऱ्या, शिकलेल्या, स्वतःहून पुढे आलेल्या लोकांवर झालेत. नौपाड्यातल्या किंवा कळव्यातल्या माणसाला त्यातला प्रत्येक आकडा जसाच्या तसा लागू होईल असं धरून चालू नये.

गाठी आहेत आणि तरीही डोकं तल्लख

अमेरिकेत १९८६ साली कॅथलिक साध्वींचा एक अभ्यास सुरू झाला. ६७८ साध्वींनी दरवर्षी चाचण्या द्यायला आणि मृत्यूनंतर मेंदू दान करायला संमती दिली. सगळ्यांचं जेवण, राहणं, काम साधारण सारखं, त्यामुळे तुलना करायला सोपं. त्यांतल्या एक साध्वी १०१ व्या वर्षी वारल्या. शेवटपर्यंत त्यांचे गुण उत्तम होते. मेंदू तपासला तर गाठी आणि गुंता दोन्ही भरपूर.

हे कसं होतं याचं पूर्ण उत्तर मिळालेलं नाही, पण एक भाग चांगला समजलाय. मेंदूकडे राखीव ताकद असते. तीन हात नाक्यावर कोंडी झाली की नवखा तिथेच अडकतो, आणि चाळीस वर्षं ठाण्यात राहिलेला रिक्षावाला पाचपाखाडीच्या आतल्या गल्ल्यांतून वाट काढतो. रस्ता बंद दोघांसाठीही आहे. ज्याला जास्त वाटा माहीत, तो पोचतो. शिक्षण, डोक्याला चालना देणारं काम, माणसांत असणं, नवं शिकत राहणं यांनी मेंदूत अशा जादा वाटा तयार होतात. गाळ त्याने उपसला जात नाही, पण शहर चालू राहतं.

"पण गाठी म्हणजे आजारच ना, फक्त लक्षणं यायची बाकी?"

यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये म्हटलं की अल्झायमर हा मेंदूतल्या बदलांवरून ठरवावा, लक्षणं असोत वा नसोत. दुसऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचं म्हणणं याच्या उलट आहे. लक्षणं नसलेल्या माणसाला रुग्ण म्हणू नका, धोका असलेला म्हणा, कारण अशांतल्या कित्येकांना आयुष्यात कधीच त्रास होत नाही.

मला दुसऱ्या गटाचं म्हणणं पटतं. कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाला आपण हृदयविकाराचा झटका आलाय असं म्हणत नाही. त्याला सांभाळून राहायला सांगतो. शिवाय रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी करायला स्वस्त, पारखलेली गोळी आहे. निरोगी माणसाच्या मेंदूतल्या अमायलॉइडवर तशी गोळी आज नाही.

"मग ते काढून का टाकत नाहीत?"

प्रयत्न झाला. 'ए फोर' अभ्यासात अमायलॉइड वाढलेल्या १,१६९ निरोगी लोकांपैकी निम्म्यांना सोलानेझुमॅब हे औषध आणि निम्म्यांना बिनऔषधी सलाइन दिलं गेलं, सुमारे साडेचार वर्षं. २०२३ मध्ये निकाल आला. घसरण काही थांबली नाही. हे औषध सुट्या तुकड्यांना धरायचं, जमलेल्या गाठी काढत नव्हतं, हेही एक कारण असू शकेल.

गाठी खरोखर साफ करणारी दोन औषधं अमेरिकेत मंजूर आहेत, २०२३ पासून लेकॅनेमॅब आणि २०२४ पासून डोनानेमॅब. ती आहेत लक्षणं नुकतीच सुरू झालेल्या रुग्णांसाठी. लेकॅनेमॅबच्या १,७९५ जणांवरच्या चाचणीत दीड वर्षात घसरण २७ टक्के मंदावली. ऐकायला मोठं वाटतं. अठरा गुणांच्या मापावर हा फरक ०.४५ गुणांचा होता. आणि औषध घेणाऱ्या शंभरांतल्या १२ ते १३ जणांच्या मेंदूत स्कॅनवर सूज दिसली. बहुतेकांना ती जाणवली नाही, काहींना जिवावर बेतलं. हीच औषधं निरोगी लोकांना आधीच दिली तर उपयोग होतो का, याच्या चाचण्या चालू आहेत. गाळ पावसाआधी काढावा हे तर्काला धरून आहे. तर्काला धरून असलेली कितीतरी औषधं चाचणीत पडली आहेत, म्हणून निकालाची वाट बघायची.

"पण हा सिद्धांतच खोटा निघाला म्हणे?"

हा निरोपही मोबाइलवर फिरतो. २००६ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेला एक गाजलेला निबंध २०२४ मध्ये मागे घेतला गेला, कारण त्यातल्या चित्रांत फेरफार आढळले. हे गंभीर आहे, संताप यावा असंच आहे. पण तो निबंध अमायलॉइडच्या एका विशिष्ट प्रकाराबद्दल होता. बाकीचा पुरावा त्याच्यावर उभा नाही. ज्या जनुकापासून मूळ प्रथिन बनतं ते २१ व्या गुणसूत्रावर आहे. डाउन सिंड्रोममध्ये ते गुणसूत्र एक जादा असतं, आणि त्या लोकांना अल्झायमर फार लवकर गाठतो. उलट बाजूने, आइसलँडमध्ये त्याच जनुकात एक दुर्मीळ बदल सापडला, ज्याने अमायलॉइड कमी बनतं. २०१२ मध्ये दिसलं की तो बदल असलेल्या लोकांना अल्झायमरपासून संरक्षण मिळतं. अमायलॉइडचा यात हात आहे हे पक्कं. तो एकटाच आहे का, हा खरा वाद आहे.

"मी तपासून घेऊ का?"

काकांचा खरा प्रश्न हाच होता. मे २०२५ मध्ये अमेरिकेत अमायलॉइडचा अंदाज देणाऱ्या एका रक्तचाचणीला मंजुरी मिळाली, पण ती ५५ पुढच्या, लक्षणं असलेल्या आणि तज्ज्ञांकडे तपासणी चालू असलेल्या लोकांसाठी. सहज म्हणून करून बघायची ती चाचणी नाही. मूत्रपिंडाचा विकार असला तर अशा चाचण्यांचे आकडे फसवे वाढू शकतात. आणि निरोगी माणसाचा अहवाल 'आहे' असा आला तरी आज त्याला जे करायला सांगतील ते 'नाही' आलेल्यालाही सांगतात.

एक गोष्ट मला इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. संशोधनात नीट समजावून, पुढे विचारपूस ठेवून ज्यांना निकाल सांगितला गेला, त्यांतली बहुतेक माणसं सावरली. काकांची बहीणही सावरलेली आहे. हादरले होते ते फोनवर अर्धवट ऐकलेले काका. समजावणारं माणूस समोर नसताना नुसता कागद हाती पडतो, तेव्हा भीती वाढते.

खरोखर काही बदललंय असं वाटत असेल, घरच्यांना ते सहा महिन्यांत जाणवतंय, तर मात्र थांबू नका. अशा वेळी आधी साध्या गोष्टी बघतात: बी-१२, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता इतकी सर्रास आहे की ती न बघता मेंदूच्या स्कॅनपर्यंत जाणं चुकीचं होईल. यातलं बरंचसं उपचाराने सुधारतं.

हातात काय आहे

लॅन्सेट नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये चौदा कारणांची यादी दिली. ती सगळी दूर करता आली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बसून राहणं, एकटेपणा, डोळ्यांकडे दुर्लक्ष हे त्यात आहे. शब्दकोडं चांगलंच, पण ते सोडवलं म्हणून रक्तदाबाची गोळी चुकवता येत नाही. काकांना मी हे सांगितलं, कारण ते गोळी चुकवत होते.

यादीतलं एक कारण वाचताना मी मात्र अडखळले. ऐकू कमी येणं. अस्पष्ट आवाजातून शब्द लावण्यातच मेंदूची ताकद खर्च होते, आणि माणूस हळूहळू गप्पांतून बाजूला होतो. अमेरिकेत २०२३ मध्ये निकाल आलेल्या, कानाच्या यंत्रांबद्दलच्या एका चाचणीत एकूण सगळ्यांत फरक दिसला नाही, पण आधीच जास्त धोका असलेल्या गटात कानाचं यंत्र वापरणाऱ्यांची बुद्धीची घसरण तीन वर्षांत जवळपास निम्म्याने कमी होती.

मला त्या आठवड्यातली एक सकाळ आठवली. मी काकांची बेल तीनदा वाजवली होती. दार उघडल्यावर ते म्हणाले होते, "अगं, बेल वाजवायचीस की." बहिणीचा फोनही ते अर्धाच ऐकून आले होते. आणि तलावावर मी 'टाऊ' म्हटलं तेव्हा त्यांनी 'ताप' ऐकलं, दोन मिनिटं आम्ही तापाबद्दल बोलत होतो.

"काका, त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या तुम्ही विसरलात, की त्या तुम्हाला ऐकूच आल्या नाहीत?"

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी वाट बघत होतो शिट्टी व्हायची."

पुढच्या मंगळवारी आम्ही गोखले रोडला कानाच्या तपासणीला गेलो. कानावर मोठे हेडफोन लावून काचेच्या खोलीत बसलेले काका बाहेरून दिसत होते. आवाज आला की बटण दाबायचं. खर्जातल्या आवाजांना हात लगेच हलत होता. मग वरचे आवाज सुरू झाले, तपासणाऱ्या मुलीच्या पडद्यावर एकामागून एक खुणा पडत गेल्या, आणि काका बटणावर अंगठा ठेवून शांतपणे वाट बघत बसले होते.

यंत्र घेऊन आता तीन आठवडे झाले. पहिले चार दिवस भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणून ते काढून ठेवत होते. काल सकाळी मी त्यांच्याकडे वर्तमानपत्र द्यायला गेले. आत कुकर लावलेला होता. बोलता बोलता त्यांनी हात वर करून मला थांबवलं, "तिसरी," म्हणाले, आणि गॅस बंद करायला उठले.